स्लाईडवरची ऊती ओळखायची कशी? पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्यांसाठी

माणसाच्या शरीरात मुख्य ऊती चार प्रकारच्या: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. हे शाळेतच पाठ झालेलं असतं, आणि पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून विचारलं तर बहुतेकांना नावही सांगता येतं. मग एक दिवस मायक्रोस्कोपखाली खरी स्लाईड येते आणि दिसतो तो नुसता गुलाबी पसारा, त्यात विखुरलेले जांभळे ठिपके. कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही. चित्रात प्रत्येक ऊती एकटी असते, स्लाईडवर मात्र चारही एकमेकींना खेटून बसलेल्या असतात.

नर्सिंग, लॅब टेक्निशियन, वैद्यकीय किंवा प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं सांगणं एकच: नाव आठवण्याच्या मागे लागण्याआधी पेशींच्या मधली जागा बघा. पेशी एकमेकींना चिकटून आहेत की लांब लांब? मध्ये काय भरलंय? त्यांची एखादी बाजू मोकळी आहे का? एवढं नीट पाहिलं की निम्म्याहून जास्त काम होतं. आणि ती ऊती शरीरात काय काम करते तेही याच उत्तरांतून कळत जातं.

पायरी १: रंग कुठून आला ते समजून घ्या

ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनमधून नेतात आणि मेणात बसवतात. मग मायक्रोटोम नावाच्या काप घेण्याच्या यंत्राने त्याचे साधारण ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून तो रंगवावा लागतो.

नेहमीचे रंग दोन. हिमॅटॉक्सिलिन हे लॉगवुड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून मिळतं. ते पेशीकेंद्रकाला निळसर जांभळं करतं. इओसिन पेशीद्रव्याला आणि बाहेरच्या प्रथिनतंतूंना गुलाबी करतं. म्हणजे जांभळं दिसलं की बहुधा केंद्रक, आणि गुलाबी म्हणजे बाकी जवळजवळ सगळं. ‘गुलाबी आहे म्हणून स्नायू’ असं कुणी म्हणालं तर त्याला स्लाईड परत बघायला लावा.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, त्यामुळे चरबीच्या पेशी स्लाईडवर रिकाम्या गोल खिडक्यांसारख्या दिसतात. ती भोकं खरी नव्हेत, तिथे जिवंतपणी चरबीचा थेंब होता. दुसरी गोष्ट मोजपट्टीची. तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो आणि तिला केंद्रक नसतं. जवळपास कुठल्याही कापात एखादी रक्तवाहिनी सापडतेच. तिच्यातली तांबडी पेशी शोधा आणि शेजारची पेशी तिच्या किती पट आहे ते बघा.

पायरी २: थेट ४० च्या लेन्सवर जाऊ नका

ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. स्लाईड आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. काप पोकळ नळीसारखा आहे, भरीव आहे, की एका बाजूला गडद कड आहे? फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा यांनी १८०१ मध्ये २१ प्रकारच्या ऊती सांगितल्या, त्याही मायक्रोस्कोपला हात न लावता. मृतदेहांतले भाग उकळून, सुकवून, कुजवून त्यांनी ऊतींमधला फरक टिपला. त्यातले बरेच प्रकार आज वेगळे धरत नाहीत, पण उघड्या डोळ्यांनी किती दिसू शकतं याचा अंदाज यावरून येतो.

मग ४ ची लेन्स, नंतर १० ची आणि शेवटी ४० ची. डोळ्याकडची लेन्स १० ची असते, त्यामुळे ४० च्या लेन्सने प्रतिमा ४०० पट मोठी दिसते. ४ वर नकाशा कळतो: पोकळी कुठे, थर किती, कुठला भाग दाट, कुठला विरळ. ४० वर फक्त शंका मिटवायची. ४० ची लेन्स लावल्यावर फोकसचा मोठा स्क्रू फिरवायचा नाही, फक्त बारीक. नाहीतर लेन्स काचेवर टेकते आणि स्लाईड तडकते.

पायरी ३: मोकळी कड शोधा

कुठेतरी काप संपतो आणि पांढरी रिकामी जागा सुरू होते. ती जागा अवयवाची आतली पोकळी असेल किंवा शरीराचा बाहेरचा पृष्ठभाग असेल, तर तिच्या कडेला अभिस्तर ऊती असणारच. काप नुसताच फाटलेला असेल तर कड ओबडधोबड दिसते आणि तिथे पेशींची रांग नसते.

अभिस्तराची ओळख अशी: पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, मध्ये जागा जवळजवळ नाही, एक बाजू मोकळी, दुसरी बाजू तळपटलावर, म्हणजे अभिस्तर आणि खालची ऊती यांच्या मधल्या पातळ पडद्यावर, टेकलेली. या थरात रक्तवाहिन्या नसतात. पेशींना लागणारं सगळं खालच्या ऊतीतून झिरपत वर येतं.

आता तीन प्रश्न विचारा.

थर किती? एकच थर असेल तर तिथून काहीतरी आरपार जायचं असतं: वायू, पोषक द्रव्यं, पाणी. अनेक थर असतील तर घासलं जाण्यापासून बचाव करायचा असतो.

सगळ्यात वरच्या पेशींचा आकार कोणता? नाव नेहमी वरच्या थरावरून ठरतं. त्वचेत खालच्या पेशी उभट असतात आणि वर जाता जाता चपट्या होतात, तरी नाव स्तरित पट्टकी (म्हणजे अनेक थरांचा, चपट्या पेशींचा) अभिस्तर असंच. पेशींच्या सीमा बऱ्याचदा दिसत नाहीत, तेव्हा केंद्रकाकडे बघा. चपट्या पेशीचं केंद्रक आडवं पडलेलं, घनाकृती पेशीचं गोल, स्तंभाकृती पेशीचं उभं लांबट.

वरच्या कडेवर काय आहे? केसांसारखे रोमक असतील तर श्वासनलिकेचा विचार करा. तिथे चिकट द्रवात अडकलेली धूळ रोमक वर ढकलत राहतात. दाट गुलाबी पट्टी दिसली आणि मधूनमधून चिकट द्रव स्रवणाऱ्या फिकट, फुगलेल्या चषकपेशी दिसल्या तर ते आतडं असण्याची शक्यता मोठी. ती पट्टी म्हणजे शोषणाची जागा वाढवणारे सूक्ष्म अंकुर.

फुप्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर एकाच थराचं आणि इतकं पातळ असतं की ४० वरही त्याची नुसती रेघ दिसते. वृक्कातल्या नलिकांना घनाकृती पेशींचं अस्तर असतं. अन्ननलिकेत आणि तोंडात अनेक थर. मूत्राशयात एक वेगळाच प्रकार सापडतो: आशय रिकामा असताना वरच्या पेशी घुमटासारख्या फुगलेल्या असतात आणि तो भरला की त्या ताणून चपट्या होतात.

दोन सापळे. श्वासनलिकेत केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे थर अनेक वाटतात. पण प्रत्येक पेशी तळपटलावर टेकलेली असते, म्हणून थर एकच. दुसरा सापळा सुरीचा. काप तिरका गेला तर एका थराचेही चार-पाच थर दिसू लागतात. शंका आली की त्याच स्लाईडवर सरळ कापलेली जागा शोधा आणि निर्णय तिथे घ्या.

ग्रंथी हीसुद्धा अभिस्तराचीच करामत. घाम, लाळ, संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशी याच थरातून आत रुजत गेलेल्या असतात. म्हणून अवयवाच्या खोलवर, उघडी कड नसतानाही घट्ट चिकटलेल्या पेशींचे गोल किंवा पुंजके दिसले तर गोंधळू नका.

तळपटलाकडे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम जास्त वेळ बघायला लावतो. साध्या रंगात ते धड दिसतही नाही, पण पुढे कर्करोग शिकताना बराचसा विचार याच रेषेभोवती फिरतो. अभिस्तरातून उद्भवलेला कर्करोग या रेषेच्या आतच असेल तर तो जागच्या जागी आहे असं म्हणतात. रेषा ओलांडली की तो आक्रमक. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या रेषेच्या पलीकडे असतात, हे लक्षात घेतलं की रेषेचं एवढं महत्त्व का ते उमगतं.

पायरी ४: पेशी कमी आणि मधलं सामान जास्त?

पेशी लांब लांब आणि मध्ये भरपूर काहीतरी, असं दृश्य असेल तर ती संयोजी ऊती. इथे पेशींपेक्षा त्यांनी बाहेर टाकलेलं आधारद्रव्य महत्त्वाचं. म्हणूनच एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या गोष्टी या एका गटात बसतात: रक्त, चरबी, कास्थी (कूर्चा), हाड, स्नायूरज्जू. आधारद्रव्य द्रव असेल तर रक्त, लवचीक घट्ट असेल तर कास्थी, त्यात कॅल्शियमचे क्षार साठले तर हाड.

विरळ संयोजी ऊती अभिस्तराच्या लगेच खाली सापडते. विस्कटलेले गुलाबी तंतू, मध्ये मोकळी जागा, बारीक रक्तवाहिन्या. वरच्या थराला पोसणं आणि आत शिरलेल्या जंतूंशी पहिली झटापट करणं ही तिची कामं. तंतू दाट झाले आणि सगळे एकाच दिशेने गेले तर तो स्नायूरज्जू किंवा अस्थिबंध: पहिला स्नायूला हाडाशी जोडतो, दुसरा हाडाला हाडाशी. तंतू दाट पण वाटेल त्या दिशेने गेले तर त्वचेचा खालचा थर. तिला कुठल्याही बाजूने ओढलं तरी फाटू नये म्हणून ही रचना.

कास्थी ओळखायला सोपी. निळसर, एकसारखं, काचेसारखं आधारद्रव्य आणि त्यात छोट्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीत एक किंवा दोन-चार पेशी. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती दुखावली की भरून यायला फार वेळ लागतो.

हाडाच्या स्लाईडवर कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळं दिसतात, आणि मधोमध रक्तवाहिनीसाठी नळी. इथे एक गोष्ट माहीत नसली की हमखास घोटाळा होतो. हाडाच्या स्लाईड दोन प्रकारे बनतात. सुकं हाड घासून पातळ केलं तर त्यात पेशी उरत नाहीत, त्यांच्या जागा हवा भरून काळ्या दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नलिका कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. हाड आम्लात ठेवून क्षार काढून टाकले तर ते मऊ होतं आणि नेहमीसारखं कापता येतं. मग दिसतं गुलाबी आधारद्रव्य आणि त्यात जांभळी केंद्रकं. चित्र वेगळं, हाड तेच.

रक्ताची तपासणी बहुधा कापावर नव्हे, काचेवर पसरलेल्या थेंबावर होते. त्यासाठी १०० ची लेन्स आणि तेलाचा थेंब लागतो. तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात आणि साधारण १२० दिवस जगतात, पांढऱ्या पेशी संरक्षण करतात, बिंबिका रक्त गोठवायला लागतात.

पायरी ५: स्नायूत केंद्रक कुठे आहे ते बघा

स्नायूपेशी लांबट असतात आणि एकमेकींना समांतर चालतात. मध्ये जागा असते, पण थोडी, आणि तिच्यात रक्तवाहिन्या दाट. काम एकच, आकुंचन पावणं. प्रकार तीन.

कंकाल स्नायू आपल्या इच्छेने चालतात. तंतू लांब, जाड, आडव्या पट्ट्यांचे; एका तंतूत पुष्कळ केंद्रकं आणि ती सगळी कडेला ढकललेली. पट्ट्या दिसत नसतील तर मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करा. कंडेन्सरचं, म्हणजे स्लाईडखालच्या भिंगाचं, छिद्र लहान केलं की पट्ट्या एकदम उठून दिसतात. प्रकाश भरपूर ठेवून ‘पट्ट्या नाहीतच’ असं लिहून जाणारे दरवर्षी भेटतात.

हृदयाच्या स्नायूतही पट्ट्या असतात, पण केंद्रक बहुधा एकच आणि मधोमध. तंतूंना फाटे फुटतात आणि दोन पेशी जिथे जोडल्या जातात तिथे गडद आडवी रेघ दिसते. आकुंचनाचा इशारा या जोडांतून एका पेशीतून दुसरीत जातो, म्हणून सगळं हृदय एका तालात चालतं. या पेशी नव्याने बनण्याचं प्रमाण अगदी कमी, तरुणपणीही वर्षाला सुमारे एक टक्का. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायू मेला तर त्या जागी तंतूंचा व्रण उरतो, यामागचं कारण हेच. आतड्याच्या अस्तराशी तुलना करून बघा: तिथल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात.

अपट्टकी (आडव्या पट्ट्या नसलेले) स्नायू आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंतीत असतात आणि आपल्या इच्छेला जुमानत नाहीत. पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, पट्ट्या नाहीत, केंद्रक एकच, मधोमध. आडव्या छेदात गंमत होते: काही गोलांत केंद्रक दिसतं, काहींत नाही, आणि गोल लहानमोठे. सुरी कुठल्या पेशीच्या पोटातून गेली आणि कुठल्या पेशीच्या टोकातून, यावर ते ठरतं.

पायरी ६: चेता ऊती आणि चित्रातली चांदणी

पुस्तकातली चेतापेशी चांदणीसारखी असते: पेशीकाया, तिच्याभोवती फांद्या, एक लांब अक्षतंतू. साध्या रंगाच्या स्लाईडवर ती चांदणी शोधाल तर निराश व्हाल. ते चित्र चांदीच्या रंगातून आलेलं आहे. कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराची पद्धत शोधली. तिच्यात मोजक्याच पेशी रंगतात, पण फांद्यांसकट काळ्याभोर उठून दिसतात. सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून मेंदूची रचना रेखाटली. दोघांना १९०६ चं नोबेल मिळून मिळालं, आणि मेंदूच्या रचनेबद्दल दोघांची मतं एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती!

साध्या रंगात खूण वेगळी. मोठी पेशी, तिच्यात मोठं फिकट केंद्रक आणि केंद्रकात एक ठळक गडद ठिपका. एकदा पाहिलं की विसरत नाही. आजूबाजूला जी पुष्कळ छोटी गडद केंद्रकं दिसतात ती आधार देणाऱ्या ग्लिया पेशींची.

माणसाच्या मेंदूत चेतापेशी अंदाजे ८६ अब्ज. त्यांचं काम म्हणजे संदेश घेणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि पुढे पाठवणं. मेरुरज्जूपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब असू शकतो. हातापायातली चेता, म्हणजे अक्षतंतूंचा जुडगा, तुटली तर अक्षतंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढू शकतो. मेंदू आणि मेरुरज्जूत तशी वाढ जवळजवळ होत नाही.

पायरी ७: सगळ्यात जास्त फसवणारं त्रिकूट

अपट्टकी स्नायू, दाट तंतुमय ऊती आणि चेता. तिन्ही गुलाबी, तिन्हींत समांतर रेघा, तिन्हींत लांबट केंद्रकं. परीक्षेत गुण जातात ते इथे, म्हणून इथे थांबून बघा.

पहिली तपासणी केंद्रकांच्या दाटीची. स्नायूत केंद्रकं भरपूर असतात, दाट तंतुमय ऊतीत तुरळक. दुसरी तपासणी आकाराची. स्नायूचं केंद्रक टोकांना बोथट आणि बऱ्यापैकी जाड असतं, पेशी आकुंचन पावलेली असेल तर पिळवटलेलं दिसतं. तंतुमय ऊतीतलं केंद्रक बारीक, गडद आणि दोन तंतूंच्या मध्ये दाबलं गेलेलं. चेतेतली केंद्रकं नागमोडी. तिसरी तपासणी: केंद्रक गुलाबी पट्टीच्या आत आहे की दोन पट्ट्यांच्या मध्ये? आत असेल तर स्नायू, मध्ये असेल तर तंतू. हा प्रश्न ४० च्या लेन्सवरच विचारायचा.

चेतेसाठी आणखी एक खूण आहे. तिचे जुडगे गोलसर असतात आणि प्रत्येक जुडग्याभोवती स्वतंत्र वेष्टन असतं. आतलं चित्र फिकट, किंचित फेसाळ दिसतं, कारण अक्षतंतूंभोवतालच्या आवरणातली चरबी झायलीनमध्ये निघून गेलेली असते. एवढं करूनही ठरत नसेल तर प्रयोगशाळेत मॅसनच्या त्रिरंगी पद्धतीने काप रंगवतात. त्यात स्नायू लाल येतो आणि कोलॅजनचे, म्हणजे संयोजी ऊतीतल्या प्रथिनाचे, तंतू निळे किंवा हिरवे.

पायरी ८: एका कापात चारही ऊती

सरावासाठी अन्ननलिकेचा आडवा छेद घ्या. ४ च्या लेन्सवर मधली पोकळी पकडा आणि आतून बाहेर या.

पोकळीच्या कडेला जाड, जांभळट पट्टा दिसेल. १० वर जा: अनेक थर, वरच्या पेशी चपट्या, तरीही त्यांच्यात केंद्रकं शाबूत. हा स्तरित पट्टकी अभिस्तर, घास घसरत जाताना होणारं घर्षण सोसणारा. त्वचेसारखा वर मेलेल्या पेशींचा कोरडा थर इथे नसतो. त्याखाली विरळ संयोजी ऊती, मग अपट्टकी स्नायूची बारीक पट्टी, पुन्हा संयोजी ऊती. या थरात कुठेकुठे फिकट पुंजके दिसतील, त्या चिकट द्रव स्रवणाऱ्या ग्रंथी.

त्याच्या बाहेर स्नायूचे दोन जाड थर, आतला गोलाकार फिरणारा, बाहेरचा लांबीच्या दिशेने जाणारा. छेद आडवा असल्याने आतल्या थरातले तंतू लांब दिसतात आणि बाहेरच्यातले गोल. आता पट्ट्या आणि केंद्रकं तपासा. सगळा कंकाल स्नायू असेल तर छेद अन्ननलिकेच्या वरच्या एक-तृतीयांश भागातला, सगळा अपट्टकी असेल तर खालच्या भागातला, दोन्ही मिसळलेले असतील तर मधला. गिळण्याची सुरुवात आपल्या हातात असते, पण घास अन्ननलिकेत शिरल्यावरचं काम, तिथल्या कंकाल स्नायूचंही, आपोआप होतं.

शेवटी त्या दोन स्नायूथरांच्या मधल्या फटीत ४० ची लेन्स घेऊन हळूहळू फिरा. फिकट ठिगळासारखी जागा सापडेल आणि तिच्यात मोठ्या पेशी, फिकट केंद्रक, आत ठळक ठिपका. हे भिंतीतलं चेताजाल, स्नायूंच्या लाटा जुळवून आणणारं. ते पहिल्या फेरीत सापडत नाही, त्याला दोन-तीन फेऱ्या द्याव्या लागतात. मिळालं की स्लाईड बदला आणि लहान आतड्याच्या छेदावर हाच क्रम पुन्हा चालवा. तिथे अभिस्तर एका थराचा असेल आणि चेताजाल अन्ननलिकेपेक्षा लवकर सापडेल.